ग्राहकाची अमानत आणि न दिसणारी ठिणगी

जानेवारीतली गोष्ट. मुलीच्या मोबाइलचे चार्जिंग होत नव्हते म्हणून जुन्या जालन्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. “आपा, बसा ना,” म्हणाला खरा, पण चेहरा उतरलेला होता. खोदून विचारले तेव्हा बोलला.

मोहल्ल्यातल्या एका बेवा बाईंचा मोबाइल त्याच्याकडे आला होता. काच फुटली होती, नवा डिस्प्ले बसवायचा होता. त्याने बसवला, सगळे तपासून दिले. आठव्या दिवशी मोबाइल बंद पडला तो पुन्हा सुरूच झाला नाही. आत मरहूम शौहरच्या आवाजातले निरोप होते. दुसरीकडे कुठेच साठवलेले नव्हते. बाई भांडल्या नाहीत. “बेटा, तेवढे आवाज काढून देता येतील का?” इतकेच विचारून गेल्या. त्याने त्यांचे पैसे परत केले, पण त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

मी त्याचे टेबल पाहत होते. वर चकचकीत ॲक्रिलिकची शीट, बसायला प्लास्टिकची खुर्ची, पायाखाली नायलॉनचा गालिचा, अंगात पॉलिस्टरचे जॅकेट आणि बोर्ड झाडायला प्लास्टिकच्या केसांचा रंगाचा ब्रश. विज्ञानाच्या तासाला मी ज्या वस्तू शोधून शोधून वर्गात नेते, त्या सगळ्या इथे एका जागी जमल्या होत्या. कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग याच मुलाने माझ्यासमोर केला होता.

तो कंगवा जे करतो, तेच आपण दिवसभर करत असतो. दोन वस्तू एकमेकींना घासल्या किंवा चिकटून सुटल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. धातूवरून हा भार वाहून जातो. प्लास्टिक, नायलॉन, लोकर यांच्यावर तो साचून राहतो. हीच स्थितिक विद्युत. हे ज्ञान फार जुने आहे. आपल्याकडे तसबीहच्या मण्यांसाठी नावाजलेला कहरुबा, म्हणजे अंबर, घासला की काडी ओढतो. फारसीत ‘काह’ म्हणजे गवताची काडी आणि ‘रुबा’ म्हणजे हिसकावून घेणारा. अरबीत आज विजेला जो शब्द आहे, तो याच कहरुबावरून आलेला. इंग्रजीतला इलेक्ट्रिसिटी हा शब्दसुद्धा अंबराच्या ग्रीक नावावरूनच निघाला. वर्गात हे सांगितले की मुले एकदम सावरून बसतात!

हिवाळ्यात ओढणी काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. असा झटका आपल्याला जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. आकडा मोठा असला तरी भार अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला इजा होत नाही. मोबाइल किंवा कॉम्प्युटरच्या चिपचे तसे नाही. तिच्या आतला विजेला अडवणारा थर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ असतो. काही नाजूक भाग 100 व्होल्टलाही बिघडतात. म्हणजे कारागिराच्या बोटातून ठिणगी जाते, चिपला छिद्र पडते आणि त्याला स्वतःला काहीच कळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कधी कधी चिप पूर्ण मरत नाही, नुसती जखमी होते. त्या दिवशी मोबाइल उत्तम चालतो, ग्राहक खूश होऊन घरी जातो आणि काही दिवसांनी तो बंद पडतो.

त्या बाईंच्या मोबाइलचे असेच झाले का? सांगता येत नाही. ही ठिणगी डोळ्यांना दिसेल अशी खूण मागे ठेवत नाही. पण “पार्टच खराब होता” म्हणून मोकळे होण्याआधी आपल्या टेबलाकडे एकदा पाहायला काय हरकत आहे, एवढे मी त्याला म्हणाले.

आपल्या मराठवाड्यात हा त्रास पावसाळ्यात कमी आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात जास्त, कारण हवा कोरडी होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका हस्तपुस्तिकेत आकडे आहेत: कोरड्या हवेत गालिच्यावरून चालल्यास 35,000 व्होल्टपर्यंत भार तयार होऊ शकतो, तेच दमट हवेत 1,500 पर्यंत राहतो. त्यामुळे दुकानात ओला पोछा मारला तरी फरक पडतो. पण 1,500 व्होल्टसुद्धा चिपला पुष्कळ झाले, म्हणून नुसत्या पोछ्यावर भागत नाही.

खरा उपाय म्हणजे अंगावरचा भार जमिनीत जाऊ देणे. त्यासाठी मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो. त्याची वायर अर्थिंगला जोडायची. एका डिस्प्लेच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पट्टा घड्याळासारखा सैल नको, कातडीला घट्ट टेकलेला हवा. त्यात 10 लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. चुकून 230 व्होल्टच्या तारेला हात लागला तरी त्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो. म्हणूनच पट्ट्याऐवजी साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळणे ही बचत नाही, जिवाशी खेळ आहे. टीव्ही किंवा पॉवर सप्लाय उघडून चालू विजेवर काम करताना तर हा पट्टाही काढून ठेवावा. बिनवायरचे पट्टेही विकायला येतात. भार जायला वाटच नाही, तर ते काय कामाचे?

आता अडचण आली ती अर्थिंगची. आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि दुकानांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तार असेलच असे नाही. पूर्वी लोखंडी नळाला हात लावून भागत असे. आता पाइपही प्लास्टिकचे. विद्यार्थ्याच्या दुकानात वायरमन आला तेव्हा तिसरे छिद्र रिकामेच निघाले. म्हणजे चार वर्षे त्याची सोल्डरिंगची इस्त्रीही अर्थिंगशिवाय चालत होती. वायरमनने मागच्या अंगणात खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून नवी अर्थिंग केली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. सॉकेटमध्ये स्वतः तार खुपसण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये.

ॲक्रिलिक शीटच्या जागी त्याने भार हळूहळू वाहून नेणारी रबरी मॅट घातली आणि तीही अर्थिंगला जोडली. गालिचा निघाला, जॅकेट खुंटीला गेले. नव्या डिस्प्लेवरची पारदर्शक फिल्म तो झर्रकन ओढायचा, ती आता सावकाश काढतो, कारण चिकटलेली वस्तू सुटतानाच भार तयार होतो. सुटे भाग तो चंदेरी पिशवीत ठेवतो. या पिशवीबद्दल एक गैरसमज फार आहे. बरेच जण पिशवीतून भाग काढून तिच्यावरच मांडून ठेवतात. पिशवी संरक्षण देते ते आत ठेवून तोंड बंद केल्यावर.

कॉम्प्युटर क्लासमध्ये रॅम बदलणाऱ्या आपल्या मुला-मुलींनाही हेच लागू आहे. पट्टा नसेल तर निदान प्लग काढून ठेवावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला वारंवार हात लावत काम करावे आणि कार्ड कडेला धरावे, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

आपल्या फिक्हमध्ये अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराला ‘अजीर मुश्तरक’ म्हणतात. त्याच्याकडचा माल चोरीला गेला तर भरपाई कोणी द्यायची, यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन शागिर्द, इमाम अबू युसूफ व इमाम मुहम्मद, यांच्यात मतभेद आहे. पण कारागिराच्या स्वतःच्या हातून माल बिघडला तर जबाबदारी त्याची, यावर तिघेही एक आहेत. त्या काळी उदाहरण धोब्याच्या हातून फाटलेल्या कापडाचे होते. हे मी विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आपा, कापड फाटलेले दिसते तरी.”

एक गोष्ट आपल्या घरातल्यांसाठी. मोबाइल दुरुस्तीला देण्याआधी फोटो आणि आवाज दुसरीकडे उतरवून घ्या. आतली माहिती बहुतेक त्याच बोर्डाशी कुलूपबंद असते, बोर्ड मेला की सहसा तीही जाते. आता तो विद्यार्थी प्रत्येक ग्राहकाला मोबाइल उघडण्याआधी हे विचारतो.

त्या बाईंचा मोबाइल त्याने अजून जपून ठेवला आहे. बोर्ड चंदेरी पिशवीत घालून, तोंड बंद करून, वर त्यांचे नाव लिहिलेले. पुण्याला बोर्ड जिवंत करून देणारा एक कारागीर आहे, असे त्याच्या कानावर आले आहे. ईदनंतर तो स्वतः घेऊन जाणार आहे.