सही करण्याआधी

"अगं, डॉक्टर-प्राध्यापकांच्या कमिटीत तुझं काय काम?" शेजारच्या काकूंनी विचारलंच. विद्यापीठाच्या नैतिकता समितीवर मी सामान्य नागरिक म्हणून जाते. माणसांवर करायचं संशोधन सुरू होण्याआधी आमच्यापुढे येतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचाच.

मध्यंतरी बाळंतिणींच्या रक्ततपासणीचं संमतीपत्र आलं. भाषा इतकी जड की मलाच कळेना! मी म्हटलं, "वस्तीतल्या बायका न समजताच अंगठा देतील. नाही म्हटलं तर उपचार बंद होतील, असंच त्यांना वाटेल." कागद परत गेला. सोप्या मराठीत आला, 'मध्येच बाहेर पडलात तरी उपचार थांबणार नाहीत' या ओळीसह.

मैत्रिणींनो, असा कागद पुढे आला तर आधी विचारा, मगच सही करा.