अणुयुद्ध कोणाच्या हातात?

11 मे 1998 ही वैशाख पौर्णिमा होती आणि त्याच दिवशी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या. 1974 च्या पहिल्या चाचणीलाही तथागतांच्या स्मिताचे नाव चिकटविण्यात आले होते. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. भुसावळ व वरणगाव येथे आयुध निर्माणी असल्याने युद्धसामग्री हा खानदेशाला परका विषय नाही. तरीही अणुयुद्ध टाळणे तुमच्या हाती आहे काय, असे कोणी विचारलेच तर ‘आपला हातमा काय शे?’ हा प्रतिप्रश्न येणे स्वाभाविक आहे. या उत्तरामागील समजूत मोजता येते काय?

मानसशास्त्राने तसा प्रयत्न केला आहे. 1966 मध्ये ज्युलियन रॉटर यांनी विधानांच्या 29 जोड्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक जोडीतील एक विधान निवडावयाचे. त्यावरून, घडणाऱ्या गोष्टींचे नियंत्रण मनुष्य स्वतःकडे मानतो की बाहेर, हे ठरते. पुढे हॅना लेव्हन्सन यांनी ‘बाहेर’चे दोन भाग केले : सामर्थ्यवान माणसे आणि योगायोग. 1980 च्या दशकात शस्त्रस्पर्धा ऐन भरात असताना अमेरिकी संशोधकांनी हीच पद्धत अणुयुद्धाला लावली.

आम्हांस येथे अंगुत्तर निकायाच्या तिकनिपाताची आठवण होते. सर्व काही पूर्वकर्माने घडते, ईश्वराच्या निर्मितीने घडते, विनाकारण घडते, या तीन मतांची तथागतांनी तेथे झडती घेतली आहे. यांपैकी कोणतेही मत धरणाऱ्यास काही करण्याची इच्छा उरत नाही आणि प्रयत्नही उरत नाही. शेवटची दोन मते लेव्हन्सन यांच्या दोन भागांजवळ जातात. पहिले मात्र प्रश्नावलीला फसविते. ‘माझ्याच कर्माचे फळ’ म्हणणारा कागदावर आत्मनियंत्रण मानणारा दिसतो. प्रत्यक्षात त्याने हात टेकलेले असतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘व्यवस्थाच अशी आहे’ असे म्हणणारा या मापनात हतबल ठरतो. 1969 मध्ये पॅट्रिशिया गुरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखविले की, व्यवस्थेला दोष देणारे विद्यार्थी सामूहिक कृतीकडे अधिक वळत होते. 1927 साली चवदार तळ्यावर गेलेल्यांना हे कोणी शिकवावे लागले नसते.

अणुयुद्धाच्या बाबतीत तर एकट्याच्या हाती फारसे नाही, हे खरेच आहे. तसे सांगणाऱ्यास दुर्बळ का म्हणावे? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. सिद्धार्थ शाक्य संघात युद्धाला विरोध करतो, बहुमतापुढे हरतो आणि परिव्रज्या स्वीकारतो. तो गेल्यानंतर लोकांत चळवळ उठते व शाक्य-कोलिय समेटाकडे वळतात. मतदानाच्या दिवशी सिद्धार्थाचे नियंत्रण मोजले असते तर ते शून्य भरले असते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘आपण’ म्हणजे मी, आदराने तुम्ही, किंवा आपण सारे. ‘अणुयुद्ध टाळणे आपल्या हातात आहे’ या एका विधानाला मान डोलावणारे तिघे तीन वेगळ्या गोष्टी मान्य करीत असतील. जळगाव-धुळ्यात अशी पाहणी करावयाची झाल्यास ‘मी एकट्याने’ आणि ‘आम्ही पुष्कळ जणांनी मिळून’ अशी दोन स्वतंत्र विधाने लागतील. पहिल्यास नकार व दुसऱ्यास होकार देणाऱ्यांची गणना वेगळी करावी लागेल. एकाच बेरजेत ती माणसे दिसत नाहीत.