सीमेवरील गुन्हा : घडलेला आणि नोंदलेला

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुका तीन जिल्ह्यांना भिडतो : वैनगंगेपलीकडे चंद्रपूरचा ब्रह्मपुरी, दक्षिणेस गडचिरोलीचा देसाईगंज, पूर्वेस गोंदियाचा अर्जुनी मोरगाव. या चारही जिल्ह्यांत झाडीबोली पसरलेली असल्यामुळे बोलीच्या अभ्यासकास येथे रेषा ओढावयास जागा सापडत नाही. कायद्याची रेषा मात्र ठळक आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. भंडाऱ्यात ती नाही. लाखांदुरात उघड विकत घेतलेली बाटली देसाईगंजच्या हद्दीत शिरताच ‘मुद्देमाल’ ठरते.

सरकारी अहवालांत अशी प्रकरणे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये, ‘विशेष व स्थानिक कायदे’ या सदरात मोजली जातात. येथेच शब्दार्थाची गफलत होते. ‘सीमेवर गुन्हे वाढले’ या वाक्यातील ‘गुन्हा’ हा शब्द वाचक कृतीचा वाचक मानतो. आकडा मात्र ‘गुन्हा दाखल’ या जोडीतील दुसऱ्या पदाचा असतो. घरफोडीत हे अंतर थोडे, कारण ज्याचे घर फुटले तो फिर्याद देतो. सीमेपलीकडे माल नेण्यात विकणारा व घेणारा दोघेही राजी. फिर्यादी बहुधा पोलीसच. तेव्हा रात्रीची नाकाबंदी बसली की आकडा चढतो, उठली की उतरतो. चढलेला आकडा एक अधिकारी दक्षतेचा पुरावा म्हणून मांडील, दुसरा अराजकाचा; आणि व्याकरणदृष्ट्या दोघांचेही वाक्य निर्दोष असेल!

शिवाय मोजणीचेही नियम आहेत. १९५३ पासून निघणाऱ्या ‘भारतातील गुन्हे’ या केंद्रीय वार्षिक अहवालात एका प्रथम खबरीत अनेक अपराध असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच गणला जातो. नाक्यावर शिपायाच्या अंगावर गाडी घालणाऱ्याची नोंद खुनाच्या प्रयत्नात होईल. गाडीतील दारू गणनेतून गळेल. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्याने भंडाऱ्याच्या जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलनाही करता येत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेच्या सीमा-दलाने २०२० साली ‘धरपकड’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘गाठ पडणे’ या अर्थाचा व्यापक शब्द घेतला व तत्काळ परत धाडलेल्यांनाही त्यात धरले. एकच मनुष्य तीनदा आला तर तीन गाठी. पुढील राजकीय वादांत ‘गाठी’ सर्रास ‘माणसे’ म्हणून वाचल्या गेल्या.

ब्रह्मपुरीचे २०१५ ते २०२१ मधील आकडे अभ्यासासाठी घेणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून कोष्टकात दोन रकाने अधिक आखावेत : त्या वर्षी कोणता कायदा लागू होता, आणि सीमेवर किती नाके किती काळ उभे होते. दुसरा रकाना छापील अहवालात मिळत नाही. त्यासाठी ठाण्याच्या दप्तराकडेच जावे लागेल.