क्रमिकेला किती आठवावं लागतं?

फिबोनाची क्रमिकेची व्याख्या एका ओळीत मावते. पहिली दोन पदं शून्य आणि एक. पुढचं प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज. ही ओळ जशीच्या तशी पायथनमध्ये फंक्शन म्हणून लिहा आणि शून्यापासून मोजून तिसाव्या क्रमांकाचं पद मागा. ८,३२,०४० हे बरोबर उत्तर येतं, पण तेवढ्यासाठी फंक्शनला २६,९२,५३७ वेळा हाक मारली जाते. कारण त्याला काहीच आठवत नाही. विसावं पद एकदा काढून झालं, तरी पुन्हा गरज पडली की ते मुळापासून काढायला बसतं.

पायथनसोबतच मिळणाऱ्या फंक्टूल्स लायब्ररीत यावर इलाज आहे: २०११ साली ३.२ आवृत्तीत आलेला एलआरयू कॅश. फंक्शनच्या डोक्यावर ती एक ओळ चढवली की काढलेली उत्तरं साठवली जातात. मग तेच पद ५९ हाकांत मिळतं. त्यातल्या ३१ वेळा खरा हिशोब होतो, २८ वेळा उत्तर नुसतं साठ्यातून उचललं जातं. व्याख्येचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

म्हणून आवर्ती क्रमिका समोर आली की मी आधी एवढंच बघतो: पुढचं पाऊल टाकायला हिला मागचं किती आठवावं लागतं? लायब्ररीतलं कोणतं हत्यार उचलायचं, हे त्यावरून ठरतं.

सगळ्यांत कमी स्मरण लागतं ते देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या क्रमिकेला. संख्या घ्या, तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवा, आलेल्या संख्येला पुन्हा तेच करा. १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८... इथे हातात शेवटचं पद असलं की पुरे. चार ओळींचा जनरेटर मागाल तेवढी पदं देत राहतो. पण कापरेकरांची खरी झेप उलट दिशेची आहे. २१ ही संख्या १५ पासून जन्मते; मग २० कुणापासून? कुणापासूनच नाही. ३१, ४२, ५३ सुद्धा तशाच. कापरेकरांनी हुडकलेल्या या सेल्फ नंबरांना देवळाली नंबर असंही म्हणतात. मार्टिन गार्डनरनी मार्च १९७५च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये कापरेकरांविषयी लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोचलं. प्रोग्राम लिहिताना गंमत कळते: पुढे जायला एक पद पुरत होतं, पण बिनआईबापाच्या संख्या शोधायच्या तर जन्मलेल्या सगळ्यांची यादी ठेवावी लागते.

दोन पदं आठवणारी क्रमिका आपल्याकडे फिबोनाचीच्या आधीपासून आहे. तिचा जन्म छंदशास्त्रातला. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची रचना किती तऱ्हांनी होते? शेवटी लघू असेल तर आधीच्या तीन मात्रांच्या तीन तऱ्हा, गुरू असेल तर दोन मात्रांच्या दोन, एकूण पाच. विरहांकाने हे मांडलं, हेमचंद्राने बाराव्या शतकात पुन्हा सांगितलं. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

नारायण पंडितांच्या १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त गाय दरवर्षी एक कालवड देते आणि कालवड चौथ्या वर्षापासून विऊ लागते. म्हणजे यंदाची संख्या गेल्या वर्षीची अधिक तीन वर्षांपूर्वीची. वीस वर्षांनी मूळ गाय धरून कळप २,७४५ चा होतो. याला कलेक्शन्स लायब्ररीतला डेक घ्यावा. त्याची लांबी तीन ठरवून दिली की नवं पद आत येताना सर्वांत जुनं आपोआप बाहेर पडतं.

इथवर किती मागे बघायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. डग्लस हॉफस्टॅटरनी १९७९ च्या ‘गोडेल, एशर, बाख’ या पुस्तकात दिलेली क्यू क्रमिका ही सोयच काढून घेते. सुरुवात १, १. पुढे शेवटची दोन पदं सांगतात की किती घरं मागे जायचं; त्या दोन घरांत जे सापडेल त्याची बेरीज. १, १, २, ३, ३, ४, ५, ५, ६, ६, ६, ८, ८, ८, १०. आता सोळावं पद: १० घरं मागे गेलो की सहावं घर, तिथे ४, ८ घरं मागे आठवं घर, तिथे ५. बेरीज ९. दहानंतर नऊ! हे पद मी कधीही हाताने काढलं तरी तितकाच आनंद होतो.

आणि इथेच एलआरयू कॅश दगा देतो. मर्यादा सांगितली नाही तर तो १२८ उत्तरंच ठेवतो आणि बरेच दिवस न विचारलेलं आधी टाकून देतो. फिबोनाचीला ते चालून जातं. क्यू मात्र हजाराव्या पदापाशी साधारण पाचशे घरं मागे बघते. ती उत्तरं केव्हाच फेकलेली असतात, आणि पुन्हा मुळापासून उगाळणं सुरू होतं. मर्यादा काढून टाकली तरी दूरचं पद एकदम मागितलं की पायथनची एक हजार पातळ्यांची रिकर्जन लिमिट आडवी येते. म्हणून साधी लिस्ट घ्यावी आणि पहिल्या पदापासून चढत जावं, हे माझं ठाम मत.

मागे उडी घेताना आधी आलेली संख्या टाळणाऱ्या रेकामानच्या क्रमिकेला तर आजवर येऊन गेलेली प्रत्येक संख्या लक्षात ठेवावी लागते. तिथे लिस्टऐवजी सेट हवा, नाहीतर ‘ही आधी आली होती का?’ हे तपासण्यातच सगळा वेळ जातो.

क्यूची सख्खी बहीण म्हणावी अशी एक क्रमिका जॉन कॉनवेंनी अभ्यासली. तीही स्वतःच्याच पदांकडून पत्ता विचारते, पण वागणं शिस्तीचं: २, ४, ८, १६ अशा क्रमांकांवर नेमकं निम्मं पद, आणि पुढे पुढे पद व क्रमांक यांचं गुणोत्तर अर्ध्याकडे जातं. कॉनवेंनी हे सिद्ध केलं. क्यूबद्दल असं काहीही सिद्ध झालेलं नाही. एखादं पद इतकं मोठं निघालं की मागे जायला तेवढी घरंच उरली नाहीत, तर क्रमिका तिथेच संपेल. संगणकाने अब्जावधी पदं काढली, तसं झालेलं नाही. कधीच होणार नाही, हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.