निम्म्या शक्यतेची भीती

किल्लारीची जमीन ऑगस्ट 1992 पासूनच गुरगुरत होती. 18 ऑक्टोबरला जरा मोठा हादरा बसला, मग धक्के कमी होत गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गाव गाढ झोपलेलं असताना, 3 वाजून 56 मिनिटांनी खरा भूकंप आला आणि हजारो माणसं मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कितीतरी दिवस दगडी घरात पाय ठेववत नव्हता. पत्र्याखाली झोप लागायची. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हाही लोकांची अंथरुणं अंगणात आली.

हा आवाज काही भास नव्हे. भूकंपाच्या सर्वांत वेगवान लहरी आधी पोचतात. हादऱ्याचं केंद्र उथळ असेल तर त्या जमिनीतून थेट हवेत शिरतात आणि सुरुंग उडाल्यासारखा धडाका ऐकू येतो. पायाखाली कठीण खडक असल्यामुळे लहरी वाटेत फारशा विरतही नाहीत. भूकंपानंतर किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक. भूकंपाआधी हा भाग इतका स्थिर समजला जाई की भूकंपाच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता!

पण मला त्याहून जास्त थक्क करतं ते माणसाचं मन. 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला: दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. सापाची शक्यता सतत बदलत राहायची. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, तर सर्वाधिक ताण दिसला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना माणसं त्याहून शांत होती! आणि ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर चढत-उतरत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर ठरले.

म्हणून अंगणात रात्र काढणाऱ्याला भित्रा म्हणणं मला मुळीच पटत नाही. त्याचं मन आपलं काम चोख करतंय. त्याला "काही होणार नाही" असं सांगून उपयोग नाही, कारण भूकंप कधी येईल हे जगात कुणालाच सांगता येत नाही. भिंत टिकेल का, हे मात्र बरंचसं सांगता येतं. जुन्या भिंतींत दगडाचे दोन पदर आणि मध्ये चिखल-कपच्या असायच्या. हादऱ्यात पदर सुटे होऊन बाहेर कोसळायचे आणि माळवदाची मणामणांची माती खाली यायची. दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड, दारं-खिडक्यांच्या वर घरभर फिरलेला सळ्यांचा काँक्रीट पट्टा आणि छतावरची माती कमी करणं, हे उपाय गावातल्या गवंड्याला जमण्यासारखे आहेत.