शेजाऱ्याच्या बांधाखालून

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ऐकत महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, ती पुरी पडत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात मुरलेलं पाणी बाहेर काढणं हेच मृदसंधारण आहे, आणि ते पटायला फार वर्षं गेली.

पाणी आणण्यात कोल्हापूरने कधी कसूर केली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. पावसाळा सरला की फळ्या घालायच्या, पुढच्या पावसाआधी काढायच्या, असा बंधारा राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचा’ म्हणून ओळखला जातो. पुढे सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदी उपसून पाणी बांधाबांधावर नेलं, कारखाने उभे राहिले, माळावरही ऊस आला. पाळी आली की गरज असो-नसो सरी तुडुंब भरायची आणि उसामागून ऊस घ्यायचा, अशी वहिवाट पडली.

ती भोवली सखल, भारी जमिनींना. उन्हाळ्यात अशा रानात वरंब्यावर पांढरा थर दिसतो. बोटाने जिभेला लावला तर खारट लागतो. उसाचे ठोंब विरळ, पानांची टोकं करपलेली, खोडव्याला फुटवा नाही. चिकण मातीतून पाणी लवकर खाली झिरपत नाही. भूजल वर सरकतं, केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येतं. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. जिथे सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो आणि सामू साडेआठच्या वर जातो, ती जमीन चोपण. ओली असताना राड, वाळली की दगड. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही लागतं. माती न तपासता सरसकट जिप्सम पसरणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

पाणी बाहेर काढणाऱ्या या निचऱ्याची रचना समजायला अवघड नाही. साधारण चार फुटांवर सच्छिद्र पीव्हीसी पाइप, माती शिरू नये म्हणून भोवती कृत्रिम कापडाची गाळणी, त्यांना जोडणारी मोठी नळी, मध्ये चेंबर आणि शेवटी ओढा. पावसाचं गोडं पाणी क्षार विरघळवत खाली उतरतं आणि पाइपातून निघून जातं. मग हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडायचा.

अवघड आहे तो शेवटचा टप्पा, ओढ्यापर्यंतचा. उताराने जाणारी नळी खालच्या माणसाच्या रानातून न्यावी लागते. त्या माणसाशी बांधावरून जुना दावा चालू असतो, सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात, त्यातला एक पुण्यात राहतो. वरच्याच्या जादा पाण्याने खालच्याचं रान बिघडलेलं असतं, आणि आता त्याच खालच्याची संमती वरच्याला हवी असते. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने हे काम शेतकऱ्यांचे गट करून हाती घेतलं, ते म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. एकेकट्याला पाइप विकून ते झालं नसतं.

सगळ्याच सुधारणांना शेजारी लागत नाही. पाचट न जाळता सरीत कुजवणं ज्याचं त्याला करता येतं. कोल्हापूरचे कृषी पदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर नांगरणीविना शेतीचा आग्रह धरतात. पिकाची मुळं जागीच कुजू द्यावीत, त्यातून सेंद्रिय कर्ब वाढतो, ही त्यांची मांडणी. ठिबक सिंचनही ज्याचं त्याला करता येतं, आणि निचरा बसवलेल्या रानात ठिबक नसेल तर मोकाट पाणी पुन्हा सुरू होतं, हे बजावून सांगायला हवं. हे उपाय एका रानापुरते रुजतात, पण वरून येणारा पाझर थांबवत नाहीत.

पाइप पुरला तरी देखरेख उरतेच. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी या तालुक्यात अफाट गाळ आणून टाकला. गाळाने ओढा उथळ होऊन त्यातलं पाणी पाइपाच्या तोंडाच्या वर राहिलं की निचरा थांबतो. अतिक्रमणाने अरुंद झालेल्या, झुडपांनी भरलेल्या ओढ्यात तर ते वर राहणारच. म्हणून ओढासफाई दर वर्षी पावसाळ्याआधी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावी आणि तिचा खर्च सगळ्यांवर एकरी पडावा. ऊसबिलातून कपात इथे कुणाला नवी नाही. ज्यांचं रान आज चांगलं आहे त्यांनीही हा वाटा द्यायला हवा, कारण त्यांच्या सरीतलं जादा पाणीही त्याच ओढ्याची वाट धरतं.