तिकीट स्वस्त, बॅग भारी!

लो-कॉस्ट एअरलाइनचं इंटरनॅशनल तिकीट पाच मिनिटांत बुक होतं. पण ते तिकीट आपल्या आईचं, मावशीचं किंवा आत्याचं असेल तर? गगनबावडा ते शारजा व्हाया मुंबई, अशा एका प्रवासाचा हा लाइव्ह रिपोर्ट!

शुक्रवारी दुपारनंतर ऑफिसात एक्सेल शीट्स कमी आणि ट्रॅव्हल साइट्स जास्त उघड्या असतात, हे आता काही गुपित राहिलेलं नाही. 'दुबई, चार आकडी भाड्यात!' असा मेल आला की क्युबिकलमधून तीन-चार माना एकदम वर येतात. आईबाबांच्या पिढीत फॉरेनला जाणं म्हणजे हार, पेढे आणि पेपरात अभिनंदनाची जाहिरात. आपण मात्र लाँग वीकेंड बघतो, कार्ड स्वाइप करतो आणि निघतो.

पण त्याच फ्लाइटमध्ये शेजारच्या सीटवर बसलेली बाई शॉपिंगला निघालेली नसते. ती लेकीच्या बाळंतपणाला निघालेली असते. तिचं तिकीट बहुतेक वेळा आपल्यासारख्याच कुणीतरी लंच ब्रेकमध्ये काढलेलं असतं. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली, की आपलं काम संपलं! तिचं मात्र तिथून सुरू होतं.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या आत्तीबरोबर गगनबावड्याहून शारजाला गेले. आत्ती अठ्ठेचाळीस वर्षांची, शिक्षण सातवी. विमान तिनं तोवर फक्त अंगणातून बघितलेलं. तिची मुलगी तिकडे, पहिलं बाळंतपण, तारीख दोन आठवड्यांवर. माझं काम फ्रीलान्स, त्यामुळे रजेची भानगड नाही. 'आत्तीला सोडून ये' असं फर्मान आपोआप माझ्या नावावर निघालं.

फक्त सीट विकत मिळते

हे तिकीट स्वस्त का असतं? कारण तुम्ही फक्त एक सीट विकत घेतलेली असते. जेवण, आवडीची सीट, जादा वजन, तारखेतला बदल, सगळ्याचे पैसे वेगळे. शक्यतो एकाच प्रकारची विमानं ठेवायची, म्हणजे पायलटचं ट्रेनिंग आणि सुटे भाग स्वस्तात पडतात. विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवायचं, कारण जमिनीवर उभं असलेलं विमान कमावत नाही. पहाटे चारसारख्या अडनिड्या वेळाही याच हिशेबातून येतात.

आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं २००३ मध्ये हा फंडा देशांतर्गत प्रवासात आणला. त्याच वर्षी शारजात एअर अरेबिया सुरू झाली. २००५ च्या एप्रिलमध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचं पहिलं विमान तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला उडालं. खासगी भारतीय कंपन्यांना मात्र परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं अशी अट होती. इंडिगोनं ती पूर्ण करून २०११ मध्ये दुबई गाठली. अनुभवाची अट २०१६ मध्ये गेली. आखाती देशांशी आपलं नातं जुनं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर घरटी एक माणूस 'गल्फला' असलेल्या वाड्या आहेत. स्वस्त विमानांनी त्या माणसांच्या घरच्यांनाही तिकडे न्यायला सुरुवात केली.

तीन तासांसाठी चाळीस तास

मुंबई-शारजा फ्लाइट तीन तासांची. आम्ही गगनबावड्याच्या घरातून निघालो ते विमानात बसेपर्यंत चाळीस तास गेले.

गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर, अगदी घाटमाथ्यावर. कोल्हापूरला विमानतळ आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं. पण इंटरनॅशनल फ्लाइट तिथून नाही. मग पर्याय तीन. करूळचा घाट उतरून कोकणातून गोव्यात मोपा, जिथून २०२३ पासून विमानं उडतात. किंवा पुणे. किंवा सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढची मुंबई. अंतरानं मोपा सगळ्यात जवळ, पण आमच्या तारखेला परवडणारं तिकीट मुंबईचंच होतं. ऑप्शन्स किती असले, तरी शेवटी बजेट जिंकतं.

शिवाय पाऊस! गगनबावड्याचा पाऊस म्हणजे चेष्टा नाही. कुंभी नदी फुगली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरची वाट बंद. पुढे हायवेही बेभरवशाचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. तिकीट नॉन-रिफंडेबल असेल तर नदीचं कारण एअरलाइनला चालत नाही. म्हणून आम्ही एक दिवस आधीच निघालो, दुपारच्या एसटीनं. रात्री कोल्हापुरात मुक्काम, सकाळी मुंबईची बस.

"तीन तासांच्या इमानाला दोन दिस आधी?" आत्तीचा प्रश्न.
"आत्ती, विमान थांबत नाही गं कुणासाठी."
"एसटीवाला तरी हात केला की थांबतोय!"

एका लाडवाची गोष्ट

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग बघायला बसले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, खारकेची पूड, नाचणीचं पीठ, वर्षाची कांदा-लसूण चटणी. एखाद्या छोट्या किराणा दुकानाचा माल! मी एकच विचारलं, "लाडवात खसखस घातलीस?"

"मग? खसखशीबिगर डिंकाचा लाडू व्हतोय व्हय?"

इथे खरा प्रॉब्लेम होता. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे ती कुठल्याही वाण्याकडे मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत, सौदी अरेबियात आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे. तिथे ती मसाल्याचा पदार्थ नाही, अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी वस्तू आहे. बॅगेत सापडली तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर उपयोगाचं नाही, आणि प्रकरण दंडावर थांबेल याची खात्री नाही. नातवंडाचं तोंड बघायला निघालेल्या बाईला एका लाडवापायी कोठडी, हा विचारसुद्धा नको वाटतो. आणि गंमत बघा, तिकिटाच्या पीडीएफवर पॉवर बँकची सूचना होती, ज्वालाग्राही पदार्थांची होती, खसखशीची कुठेच नव्हती. आपल्या स्वयंपाकघरातलं हे गणित आपल्यालाच सोडवावं लागतं.

कांदा-लसूण चटणीतही बऱ्याच घरांत खसखस असते. आत्तीच्या चटणीत होतीच. सगळं बाहेर काढलं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढल्या. सुकं खोबरं तेलकट असल्यानं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे आणि अनेक एअरलाइन्स ते घेत नाहीत.

आत्ती दहा मिनिटं काही बोलली नाही. मग उठली आणि गॅस पेटवला. रात्री एकपर्यंत बिनखसखशीचे लाडू वळत होती. जुने लाडू सकाळी शेजारपाजारी गेले. चटणी मागेच राहिली.

काटा बोलतो

मुंबईचं टर्मिनल टू २०१४ मध्ये सुरू झालं. मोरपिसांची आठवण करून देणारं छत, राजीव सेठींनी साकारलेलं 'जय हे' कलादालन, सगळं बघण्यासारखं. पण पहाटे एक वाजता हातात ट्रॉली असते, तेव्हा माणूस फक्त काउंटरचा नंबर शोधतो. एंट्री गेटवर सीआयएसएफचे जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतात. आमच्या एअरलाइनचं काउंटर तीन तास आधी उघडणार होतं आणि तासभर आधी बंद होणार होतं. फुल सर्व्हिस एअरलाइनही काउंटर बंद करते, पण इथे पुढच्या फ्लाइटवर फुकटात बसवून देण्याची सोय सहसा नसते. फ्लाइट गेली की तिकीट गेलं.

आमचं दोघींचं मिळून वजन ४० किलो चालणार होतं. घरून निघताना गावातल्या दुकानाच्या काट्यावर ३९ भरलं होतं. इथे काट्यानं दाखवलं ४२! मी आत्तीकडे बघितलं. आत्ती छताकडे.

"आत्ती?"
"आगं, घनसाळ तांदूळ हाय थोडा. बाळंतिणीला मऊ भात नको का?"

आजरा घनसाळ! जीआय टॅगवाला आपल्या जिल्ह्याचा तांदूळ. वजन करून झाल्यावर तो बॅगेत गेला होता. काउंटरवर जादा किलोचा जो दर सांगितला, त्यात गावाकडे या तांदळाचं मोठं पोतं आलं असतं. (हेच वजन आधी ऑनलाइन घेतलं तर बरंच स्वस्त पडतं.) पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट बघायची असते, केबिन बॅग. माझी बॅग साडेचार किलोची होती, मर्यादा सातची. आत्तीनं रांगेतून बाजूला होऊन बॅग उघडली आणि पहिल्यांदा काय काढलं? स्वतःच्या साड्या! तांदळाला हात लावला नाही. चार साड्या माझ्या बॅगेत, शाल अंगावर. मे महिन्यात विकत घेतलेली नवी साडीही त्यातच. "माझं काय, लेकीचा गाऊन घालीन तिथं." काटा ४० वर आला.

आमच्या मागे विशीतला एक मुलगा होता. सुतळीनं बांधलेला खोका, सहा-सात किलो जादा. तिकीट एजंटनं काढलेलं आणि वजनाचं कुणी काही सांगितलेलं नाही. त्यानं खोका सोडला, लोणच्याची बरणी आणि एक ब्लँकेट बाहेर काढलं आणि उरलेल्याचे पैसे मोजून दिले. रांगेत तसे खोके बरेच होते.

ईसीआर म्हणजे काय रे भाऊ?

इमिग्रेशनचा डिपार्चर फॉर्म भारतात जुलै २०१७ पासून बंद झालाय, ही चांगली बातमी. जानेवारी २०२५ पासून मुंबईत आधी नोंदणी केलेल्यांसाठी फास्ट ट्रॅक ई-गेट्सही आहेत. पण आत्तीच्या पासपोर्टवर तीन अक्षरं होती, ईसीआर. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का असतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार अशा व्यक्तीला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. गरीब, कमी शिकलेल्या माणसाला एजंटनं फसवू नये, हा त्यामागचा हेतू. नोकरीसाठी जात नसाल तर मंजुरी लागत नाही, पण व्हिसा आणि परतीचं तिकीट जवळ हवं. वयाची पन्नाशी ओलांडली की ही अट लागू होत नाही. आत्ती दोन वर्षांनी लहान!

अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटला. "कशाला चाललाय?"
"लेकीच्या बाळंतपणाला."
"परत कधी?"
"दीड महिन्यानं. ह्ये बघा तिकीट." तिनं परतीच्या तिकिटाचा प्रिंटआउट पुढे केला. ही उत्तरं आम्ही बसमध्ये तीनदा घोकली होती. शिक्का पडला. नंतर आत्ती म्हणाली, "त्यानं लई इचारलं असतं, तर मला रडू आलं असतं बघ."

आपल्याला इमिग्रेशन म्हणजे पाच मिनिटांची बोअर रांग. ज्याच्या पासपोर्टवर ती तीन अक्षरं आहेत, त्याच्यासाठी ती परीक्षा असते.

गेटवरची भाकरी

सिक्युरिटी झाली. गेट एकदा बदललं, फ्लाइट तासभर लेट झाली आणि अनाउन्समेंट झाली फक्त इंग्रजी-हिंदीत. आत्ती एकटी असती तर पहिल्याच गेटवर बसून राहिली असती. कॉफीचा भाव बघून तिनं पिशवीतून भाकरी आणि कोरडा झुणका काढला. कोरडं खाणं केबिनमध्ये चालतं, पिण्याच्या पाण्याचे नळ आत असतात. समोर ब्रँडेड हेडफोन लावलेला एक ग्रुप सँडविचच्या बिलाची वाटणी करत होता. आत्तीनं त्यांना भाकरी विचारली. दोघांनी घेतली!

स्वस्त विमानानं आत्तीला लेकीपर्यंत नेलं, हे खरंच. एरवी तिला ते परवडलं नसतं. पण हे तिकीट स्वस्त राहतं ते नियम माहीत असलेल्यालाच. तुम्हाला-मला ते माहीत असतात किंवा गूगल करता येतात. म्हणून घरच्यांचं तिकीट काढाल तेव्हा पेमेंट झाल्यावर आणखी एक तास द्या. शक्य असेल तर त्यांच्या शेजारी बसून.

घरच्यांना एकटं पाठवताय? हे करा

• बॅग भरताना शेजारी बसा. खसखस, आणि ती घातलेले लाडू, अनारसे, मसाले आखातात किंवा सिंगापूरला नेऊ नका.
• झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर काही देशांत निर्बंध आहेत. आधी तपासा, प्रिस्क्रिप्शन सोबत द्या.
• तूप, लोणचं, तेल चेक-इन बॅगेत, घट्ट पॅक करून. केबिनमध्ये द्रवपदार्थ १०० मिलीच्या बाटलीपर्यंतच. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच.
• वजन निघण्याच्या दिवशी पुन्हा करा. जादा लागणार असेल तर आधी ऑनलाइन घ्या.
• पासपोर्टवर ईसीआर आहे का बघा. व्हिसा, परतीचं तिकीट आणि तिकडचा पत्ता कागदावर छापून द्या. मोबाइलची बॅटरी ऐनवेळी संपते!
• पावसाळ्यात घाटापलीकडून येणार असाल तर एक दिवस हाताशी ठेवा.
• आणि घनसाळ तांदळाचे दोन किलो हिशेबात आधीच धरा. तो येणारच!